भिंती कुणी रंगवल्या?

केंब्रिजच्या जीझस लेनवरचं ऑल सेंट्स चर्च बाहेरून शांत, दगडी. जॉर्ज फ्रेडरिक बॉडली या वास्तुकारानं ते १८६३-६४ मध्ये बांधलं. उंच निमुळता मनोरा १८७१ पर्यंत पुरा झाला. फ्रेंच गॉथिकचा नाद सोडून बॉडली इथे चौदाव्या शतकातल्या इंग्लिश धाटणीकडे वळला, म्हणून वास्तुकलेच्या इतिहासात या चर्चला मान आहे. माझा जीव मात्र त्याच्या भिंतींवर जडला आहे.

आत कोरी भिंत अशी उरलेलीच नाही. लाल-हिरव्या रंगांत डाळिंबं, फुलं, वेलबुट्टी, मध्येच येशूच्या नावाची आद्याक्षरं, धर्मवचनांचे पट्टे. एवढी दाटी, पण डोळा शिणत नाही. कारण या डाळिंबाला सावली नाही, पानाला गोलाई नाही. नक्षी भिंतीचा सपाटपणा मोडत नाही, पुढे येऊन लक्ष मागत नाही. मग नजर आपसूक पूर्वेच्या मोठ्या खिडकीवर जाते. ती विल्यम मॉरिसच्या कंपनीची, १८६६ ची. बर्न-जोन्स, फोर्ड मॅडॉक्स ब्राउन आणि खुद्द मॉरिस यांनी रेखलेल्या वीस आकृत्या उजळ काचेवर रांगांनी उभ्या आहेत. गर्द भिंती नसत्या, तर ती काच इतकी उजळली नसती.

खिडकीच्या चित्रकारांची नावं सगळे घेतात. भिंतीवरची नक्षी बॉडलीची, हेही सांगतात. पण कागदावरची नक्षी भिंतीवर चढवायची म्हणजे स्टेन्सिल धरून तोच आकार शेकडो वेळा उमटवायचा. सुरुवातीला बोटभर चूक झाली तर कोपऱ्याशी पोचेपर्यंत ती वीतभर होते. इथे ओळ ढळलेली नाही. या रंगकामात मोठा वाटा केंब्रिजच्याच फ्रेडरिक लीचच्या कारागिरांचा आहे, आणि माझ्या मते चर्चच्या सौंदर्याचं निम्मं श्रेय त्यांचं.

लीचकडे डेव्हिड पार नावाचा रंगारी होता. दिवसा चर्च आणि श्रीमंतांची घरं रंगवायचा. १८८६ मध्ये त्यानं ग्विडिर स्ट्रीटवर चाळवजा ओळीतलं एक छोटं घर घेतलं आणि पुढची चाळीसेक वर्षं, फावल्या वेळात, त्याच्या भिंती त्याच धाटणीच्या नक्षीनं भरत राहिला. केलेल्या कामाची नोंदही वहीत ठेवली. ते घर आता लोकांना पाहता येतं. ऑल सेंट्सला जाणाऱ्यानं तिथेही जावं, आणि जमल्यास आधी तिथे.