दुर्मीळ वस्तू म्हणजे पुरावा नव्हे

नॉर्म फ्लेडरमन यांचा जुन्या अमेरिकन बंदुकांवरचा संदर्भग्रंथ संग्राहकांना चांगलाच ठाऊक आहे. स्प्रिंगफील्डची १७९५ची लष्करी मस्केट ओळखायला तो उपयोगीच. पण त्याची मांडणी खरेदीदारासाठी आहे: नमुना कोणता, अवस्था कशी, किंमत किती?

संशोधकाचा प्रश्न वेगळा. १८४०-५०च्या दशकांत लष्कराने हजारो चकमकीच्या बंदुकांना स्फोटक टोपीचा खटका बसवला. मूळ खटका टिकलेल्या बंदुका कमी, म्हणून महाग. मग बदललेल्या काहींना नंतर पुन्हा चकमक लावली गेली. म्हणजे संग्रहात आज दिसतं ते तेव्हाचं शस्त्रागार जसंच्या तसं नाही. बाजाराने निवडलेलं, कधी ‘सुधारलेलं’ आहे. तेव्हा मित्रांनो, नमुने मोजण्याआधी ते कोणी, कशासाठी जपले, हे आधी विचारा.