देवांची नावे आणि देवांचे आयुष्य : दैवताभ्यासातील एका गृहीताची चिकित्सा

प्राचीन देवांचे आधुनिक जगात काय होते, या प्रश्नाला युरोपीय वाङ्मयाने एक ठराविक उत्तर देऊन ठेवले आहे. हायनरिख हाइने या जर्मन कवीने १८५३ साली परागंदा देवांविषयी जो निबंध लिहिला, त्यात ख्रिस्ती धर्माच्या विजयानंतर ग्रीकांचे देव वेष पालटून कशीबशी गुजराण करताना दिसतात. अपोलो गुरे राखतो, मर्क्युरी डच व्यापारी होतो, आणि जराजर्जर ज्युपिटर उत्तरेकडील एका निर्जन बेटावर दिवस कंठतो. नील गेमन याच्या २००१ सालच्या अमेरिकन देवांवरील कादंबरीतही कल्पना तीच आहे. स्थलांतरितांनी बरोबर आणलेले देव, त्यांची आठवण ठेवणारे उरले नाहीत म्हणून क्षीण होत जातात. दोन्ही कृतींच्या मुळाशी एकच गृहीत आहे. देवाचे आयुष्य माणसाच्या श्रद्धेवर अवलंबून असते, श्रद्धा आटली की देव मरतो, हे ते गृहीत होय. ग्रामदैवतांविषयीच्या अलीकडच्या मराठी लेखनात हे गृहीत फारशी चिकित्सा न होता शिरले आहे. ते मराठी भाषेच्या साक्षीवर टिकते काय, हा येथील विवेचनाचा विषय आहे.

भाषेची साक्ष या गृहीताला अनुकूल नाही. मराठीत देव 'पावतो', 'कोपतो', 'अंगात येतो'. त्याला 'कौल' लावतात, त्याचा 'नवस' फेडतात, वेळप्रसंगी त्याला 'पाण्यात घालून' बसतात. या सर्व प्रयोगांत माणसाच्या अंतःकरणातील श्रद्धेचा निर्देश कोठेच नाही. निर्देश आहे तो देण्याघेण्याचा. या व्यवहाराचा मध्यवर्ती शब्द 'मान' हा आहे. देवाला मान द्यावा लागतो, तो ठराविक घराण्याने, ठराविक दिवशी, ठराविक जागी द्यावा लागतो, आणि देणाऱ्याला 'मानकरी' म्हणतात. मान चुकला तर देव मरत नाही, तो कोपतो. फार काळ चुकत राहिला तर तो देव आणि भूत यांच्या सीमेवर जाऊन बसतो. वेताळाचे स्थान आरंभापासून तेथेच आहे. 'जागृत देवस्थान' हा प्रयोगही अर्थपूर्ण आहे. काही देव जागृत असतात असे म्हणताना उरलेले निजले आहेत एवढेच सुचविले जाते.

तात्पर्य, मराठी माणसापुढील प्रश्न देव जगेल की मरेल हा नाही. मान देणारा कोण आणि तो कोठे द्यावयाचा, हा त्याचा प्रश्न आहे. या दृष्टीने पाहता ठाण्याच्या खाडीपलीकडील कळवा हे गाव या चिकित्सेला फार उपयोगी आहे.

एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस पारसिकचा डोंगर, मध्ये भातखाचरे, खाजणे आणि आगरी-कोळ्यांची वस्ती, असा हा मुलूख. शेजारच्या खारेगावाच्या नावात खाऱ्या जमिनीची खूण अजून आहे. १८५४ साली लोहमार्ग ठाण्याहून कल्याणपर्यंत गेला तो येथून. पारसिकचा बोगदा १९१६ साली वाहतुकीस खुला झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखानदारी आली, तिच्यामागोमाग चाळी आल्या, आणि १९८२ साली ठाणे महानगरपालिका झाली तेव्हा कळवा तिच्या हद्दीत गेले. शीव गेली, हद्द आली. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. 'शीव' हा संस्कृत 'सीमा' शब्दाचा तद्भव. ती गावाची असते आणि तिच्यावर देव बसलेला असतो. 'हद्द' हा अरबीतून आलेला शब्द. ती पोलीस ठाण्याची, प्रभागाची वा महापालिकेची असते आणि तिच्यावर फलक असतो. याच लोहमार्गावर 'शीव' नावाचे स्थानक आहे आणि इंग्रजी फलकावर त्याचे 'सायन' झालेले आहे. गाडीतून रोज जाणाऱ्या लक्षावधी प्रवाशांपैकी त्या नावात सीमा ऐकणारे किती असतील, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

शिवेवरील देवाचे महत्त्व शास्त्रीय पद्धतीने मांडण्याचे श्रेय दामोदर धर्मानंद कोसंबी यांना दिले पाहिजे. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दैवतकथा व वास्तव यांवरील इंग्रजी ग्रंथात मातृदेवतांच्या स्थानांचा आणि प्राचीन वाटांच्या छेदबिंदूंचा संबंध दाखविला आहे. वस्तीपासून दूर, आज निष्कारण वाटणाऱ्या जागी देवीचा तांदळा का असतो, तर ती जागा कधी काळी भटक्या टोळ्यांच्या वाटांवर होती म्हणून, ही त्यांची उपपत्ती. टाटा संस्थेत असताना कोसंबी पुण्याहून मुंबईला दख्खनच्या राणीने ये-जा करीत. म्हणजे पारसिकच्या पायथ्यावरून त्यांचे जाणे-येणे नित्याचे होते. त्यांचे क्षेत्रसंशोधन मात्र मुख्यतः घाटमाथ्यावरचे आणि मावळातले. त्यांच्या उपपत्तीचे सामर्थ्य असे की, ती देवापेक्षा जागेला प्रमाण मानते. तिची मर्यादाही तेथेच आहे. जागा टिकली तर ही उपपत्ती बोलते; जागेवरच लोहमार्गाचा भराव किंवा गृहसंकुलाची भिंत आली म्हणजे ती मुकी होते. कोसंबींना माणसे निघून गेलेली आणि देव मागे राहिलेले भेटले. कळव्यासारख्या गावी माणसे जागच्या जागी आहेत, किंबहुना शतपटीने वाढली आहेत, आणि हलवावे लागतात ते देव.

रामचंद्र चिंतामण ढेरे यांची दृष्टी निराळी. 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात गवळी-धनगरांचा देव वैष्णव परंपरेचा परमेश्वर कसा झाला, याचा जो शोध आहे, त्याला मराठी दैवताभ्यासात तोड नाही. पट्टणकोडोलीसारख्या ठिकाणी विठ्ठल आणि बिरदेव आजही जोडीने पूजिले जातात, याचा त्यांनी केलेला उपयोग सर्वस्वी पटण्याजोगा आहे. तथापि या मांडणीचा एक परिणाम असा झाला आहे की, दैवताचे उन्नयन हाच त्याच्या इतिहासाचा स्वाभाविक क्रम मानला जाऊ लागला. जो देव चढला त्याचा इतिहास लिहिला गेला; जो चढला नाही त्याचा लिहावयाचा राहिला. हा दोष ढेऱ्यांचा नसून त्यांच्या अनुयायांचा आहे, असे म्हणणे प्राप्त आहे. कारण 'लज्जागौरी'च्या (१९७८) लेखकाला अनुन्नत दैवतांची पूर्ण जाण होती.

उन्नयनाचे साधन कोणते, हे पाहू गेल्यास प्रथम नावांकडे वळावे लागते. ग्रामदैवतांच्या नावांचे दोन ठळक प्रत्यय म्हणजे 'बा' आणि 'आई': म्हसोबा, बहिरोबा, वाघोबा, जाखाई, सटवाई, मरीआई. हे नातेवाचक प्रत्यय आहेत. ते देवाला पूजकाच्या घरातला वडीलधारा करतात. उन्नयन झाले की हे प्रत्यय गळतात वा झाकले जातात. बहिरोबा 'भैरवनाथ' होतो, जाखाईची 'जाखमाता' होते, खंडोबा 'मार्तंड भैरव' होतो. 'आई' आणि 'माता' यांचा कोशातील अर्थ एकच. परंतु 'आई'ला हाक मारता येते, 'माते'चा जयजयकार करावा लागतो. गंमत अशी की व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे बहुधा परत जाणे आहे: जाखाईच्या मागे यक्षी आहे, बहिरोबाच्या मागे भैरव, सटवाईच्या मागे षष्ठी. मात्र फलक रंगविणाऱ्याला ही व्युत्पत्ती ठाऊक असते असे नव्हे. आगरी बोलीत ळकाराच्या जागी लकार येतो, 'कोळी'चे 'कोली' होते, आणि 'वेताळ' 'वेताल' असा ऐकू येतो. हे रूप संस्कृतशी तंतोतंत जुळते. पण ते संस्कृतीकरण नव्हे, बोलीची चाल आहे. केवळ रूपसाम्यावरून निष्कर्ष काढणाऱ्या संशोधकाने हे उदाहरण जवळ बाळगावे.

म्हसोबाची अडचण विलक्षण आहे. त्याच्या नावात महिष आहे, आणि महिष म्हटला की महिषासुर आला. म्हणजे व्युत्पत्ती शुद्ध करू गेल्यास देवाचा राक्षस होतो. म्हणून त्याचे मूळ नाव सहसा बदलले जात नाही, मागेपुढे जोड दिली जाते. पुरंदर तालुक्यातील वीर येथील देव 'श्रीनाथ म्हस्कोबा' झाला तो असा. गुंथर सोन्थायमर यांनी पश्चिम भारतातील पशुपालकांच्या देवांवरील आपल्या ग्रंथात (जर्मन १९७६, इंग्रजी १९८९) या देवाची आणि धनगरांबरोबर झालेल्या त्याच्या प्रवासाची हकीकत दिली आहे. देव स्थलांतर करतो, भक्ताच्या कांबळ्यामागे चालत येतो, नव्या जागी हक्क सांगतो, हे सोन्थायमर यांनी लोककथांच्या आधारे दाखविले. कळव्याच्या संदर्भात कोसंबींपेक्षा हे अधिक उपयोगाचे आहे. एकच भेद ध्यानात ठेवला पाहिजे. धनगराचा देव आपल्या इच्छेने निघतो, निदान कथा तसे म्हणते. रस्तारुंदीत सापडलेल्या देवाला विचारीत कोण बसतो?

देवाचे आयुष्य श्रद्धेवर नसून कार्यावर असते, याची दोन उदाहरणे विरुद्ध दिशांनी घेण्याजोगी आहेत. पहिले देवीरोगाचे. मराठीत या रोगाचे नावच 'देवी' असे अनेकवचनी व आदरार्थी. 'मुलाला देवी आल्या' असे म्हणत, रोग झाला असे म्हणत नसत. लस टोचण्यालाही 'देवी काढणे' किंवा 'देवी टोचणे' असेच म्हटले गेले; म्हणजे देवीला हुसकावण्याच्या कृतीनेही देवीचेच नाव धारण केले. भारतातून हा रोग १९७५ साली गेला, १९८० साली जगातून गेल्याची घोषणा झाली. आज दंडावरचा व्रण उतारवयातील माणसांपाशी उरला आहे आणि त्याला 'देवीचा व्रण' म्हणतात. रोग गेला, कार्य गेले, शब्दप्रयोग तेवढा मागे राहिला. सटवाईचे असे झाले नाही. बाळंतपणे रुग्णालयात होऊ लागली तरी पाचवी-सहावीची पूजा घरी चालू आहे, कारण मुलाच्या कपाळी काय लिहिले जाते हे रुग्णालय सांगू शकत नाही. तिच्याच नावाची 'सटवी' ही शिवी होऊन बसली आहे, तरीही.

दुसरे उदाहरण वाघोबाचे. ठाणे, पालघर आणि मुंबई उपनगर या जिल्ह्यांतील वारल्यांच्या वाघोबाची दीडशे ठाणी २०२१ सालच्या एका अभ्यासात नोंदली गेली. या टापूत बिबट्या अजून हिंडतो. जनावर आहे तोवर देवाशी करार आहे. श्रद्धेच्या ऱ्हासाचा सिद्धांत मानणाऱ्यांनी महानगराच्या कुशीतील या देवाचा खुलासा केला पाहिजे; आजवर तो झालेला नाही.

ललित वाङ्मयातील साक्ष काढावयाची तर अरुण कोलटकर यांच्या 'जेजुरी'चा (१९७६) विचार अपरिहार्य ठरतो. त्या कवितांत पडक्या देवळात कुत्री व्यालेली असते, देऊळ समजून डोकावलेल्या जागी वासरू निघते, आणि दगड कोणता व देव कोणता याचा निवाडा होत नाही. कोलटकरांची नजर पर्यटकाची आहे, असा आक्षेप भालचंद्र नेमाडे यांनी घेतला. तो अंशतः खरा असला तरी मर्म निराळे आहे. ही कविता इंग्रजीत आहे आणि इंग्रजीत 'बा' नाही. 'देव', 'दैवत', 'देवता' हे मराठीतले तीन शब्द तेथे एकाच शब्दात कोंबावे लागतात. मान, मानकरी, कौल यांना तेथे घर नाही. परिणामी देव आणि दगड यांच्यामधला प्रश्न निव्वळ दृष्टीचा होतो, नात्याचा राहत नाही. कवितेचे यश या वंचनेतूनच आले आहे, हेही कबूल केले पाहिजे; बहुवचनी आणि बोलक्या मराठीत इतका कोरडेपणा साधला असता की नाही याची शंका आहे.

हीच वंचना संशोधनात मात्र हानी करते. जॅक्सन यांनी जमविलेल्या सामग्रीवरून एन्थोव्हन यांनी १९१५ साली कोकणच्या लोकसमजुतींचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्याचा पाया गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठविलेली उत्तरे हा आहे. संग्रह अमोल आहे. पण छापला गेला तो इंग्रजी सारांश; मास्तरांच्या कानावर पडलेले प्रयोग, कोणत्या देवाला कोणते क्रियापद लावतात, कोणाला 'तू' आणि कोणाला 'तुम्ही' म्हणतात, हे त्या सारांशात मावले नाही. उत्तर कोकणच्या दैवतांचा भाषिक अभ्यास करू इच्छिणाऱ्याला म्हणून आरंभ पुन्हा गावठाणांतूनच करावा लागतो.

आणि तेथे आता नवी परिभाषा आली आहे. जुन्या महसुली भाषेत देवाला 'देवस्थान इनाम' असे. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानंतर मानकऱ्याशेजारी 'विश्वस्त' येऊन बसला. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी सार्वजनिक जागी नवी अनधिकृत धार्मिक बांधकामे होऊ न देण्याचा आदेश दिला, आणि जुन्या बांधकामांचा एकेक करून विचार करणे राज्यांवर सोपविले. तेव्हापासून देवापुढे तीन पर्याय उभे आहेत: निष्कासन, स्थलांतर, नियमितीकरण. ही भाषा अन्यायाची आहे असे म्हणता येत नाही. रस्ता सर्वांचा आहे, आणि रातोरात उभ्या राहिलेल्या मंदिरांमागे दर वेळी देवच असतो असेही नाही. अडचण अशी की, ती 'बांधकाम' पाहते. शिवेवरच्या शेंदरी दगडाला बांधकाम नव्हते, आणि नसणे हीच त्याची ओळख होती. नोंदीत यावयाचे तर त्याला चार भिंती, छप्पर, फलक आणि समिती घ्यावी लागते. फलक म्हटला की नाव आले, आणि नाव लिहिताना 'बा' संकोचतो. उलट दिशेने, नाव टिकून देव दृष्टीआड होण्याची उदाहरणेही आहेत. मुंबईतील गावदेवी हा पत्ता झाला आहे. ठाण्यातील गावदेवी मैदानाखाली वाहनतळ आहे. 'गावदेवीला गाडी लावली' हे वाक्य ठाण्यात आज सहज उच्चारले जाते. त्यातील 'ला' हा प्रत्यय चतुर्थीचा की सप्तमीच्या अर्थाचा, याची नोंद कळव्याच्या बाजूने अद्याप कोणी घेतलेली दिसत नाही.