बांबूची तलवार आणि घराण्याचं दप्तर

जपानी सामुराईचा सिनेमा म्हटला की लोकांना तलवारच दिसते. मासाकी कोबायाशीच्या ‘हाराकिरी’चंही (१९६२) तेच झालं. १९६३ साली कानच्या महोत्सवात त्याला परीक्षकांचं खास पारितोषिक मिळालं. २०११ साली ताकाशी मिइकेने तीच गोष्ट पुन्हा पडद्यावर आणली, तीही थ्रीडीत. आज जगभरचे प्रेक्षक सिनेमांना गुण देतात, तिथे कोबायाशीचा सिनेमा अगदी वरच्या रांगेत असतो. या कौतुकात एक वाक्य मात्र हटकून ऐकू येतं : इयी घराण्याची इज्जत खोटी, आणि त्यांच्या दारात आलेल्या सामुराईची इज्जत खरी. माझं भांडण या वाक्याशी आहे.

सिनेमाचं जपानी नाव ‘सेप्पुकू’. ‘सेप्पुकू’ आणि ‘हाराकिरी’ या दोन्ही शब्दांत अक्षरं तीच, फक्त क्रम उलटा. पहिला शब्द मानाचा, विधीचा. दुसरा बोलीतला, सरळ पोट फाडणं. कोबायाशीने घरी मानाचा शब्द लावला आणि आतून त्या मानाचीच साल काढली. परदेशात तोच माल पोट फाडण्याच्या नावावर खपला. म्हणजे प्रेक्षक आत शिरायच्या आधीच त्याला रक्ताची आशा लावून ठेवलेली.

गोष्ट १६३० सालची, एदो शहरातली, म्हणजे आजच्या तोक्योतली. शोगुनाने सरदारांची घराणी मोडली आणि त्यांचे सामुराई रस्त्यावर आले. १६१९ साली फुकुशिमा घराण्याची हिरोशिमाची जहागीर गेली. त्या घराण्याचा चाकर त्सुगुमो हान्शिरो. त्याचा जावई मोतोमे. घरात बायको आजारी, तान्हं पोर तापाने फणफणलेलं, आणि डॉक्टरला द्यायला दमडी नाही. मोतोमे इयींच्या दारात जातो आणि म्हणतो, मला तुमच्या अंगणात पोट फाडून मरू द्या. तेव्हा भुकेले सामुराई असं म्हणायचे. कुठे हातावर पैसे मिळायचे, कुठे चाकरी. इयींनी ठरवलं, याला अद्दल घडवायची. याच्या कमरेला तर बांबूची तलवार! खरी पाती त्याने घरासाठी विकलेली. तो एक-दोन दिवसांची मुदत मागतो. मिळत नाही. त्याच बांबूने त्याला पोट फाडायला लावतात. मागून पोर मरतं, बायको मरते.

आता पुढचं नीट बघा. मोतोमेचं प्रेत घरी येतं तेव्हा हान्शिरोला कळतं की जावयाने पाती केव्हाच विकली होती. आणि आपण? आपल्या मनात तलवार विकायचं कधी आलंसुद्धा नाही. पोर मरायला टेकलं तरी आपण त्या लोखंडाला कवटाळून बसलो. म्हातारा तिथे ढसाढसा रडतो. सगळा सिनेमा मला या रडण्यात सापडला. इथे खरी इज्जत आणि खोटी इज्जत असा सामना नाहीच. इज्जत नावाची चीजच माणसाची भाकर खाते, हे म्हाताऱ्याला कळलंय, आणि फार उशिरा कळलंय. प्रेक्षक मात्र शेवटच्या लढाईत पुन्हा तलवारीलाच टाळ्या वाजवतो. जी चीज हान्शिरोने मनातून टाकली, ती हा उचलून घरी नेतो.

लढाईआधी हान्शिरो अंगणात तीन शेंड्या फेकतो. मोतोमेला छळण्यात पुढे असलेल्या तिघांच्या केसांच्या गाठी त्याने कापल्यात. शेंडी गेली की सामुराईचं तोंड काळं. ते तिघे आजाराचं निमित्त करून घरी दडलेले. लढता लढता म्हातारा देवघरासारखं जपलेलं पूर्वजांचं चिलखत उचलून आपटतो. आत काय? काहीच नाही. आणि त्याला संपवतात बंदुकीने. तलवारीच्या धर्माची एवढी शेखी, आणि वेळ आली तेव्हा बंदूक!

मग कारभारी सायतो हुकूम सोडतो. मेले ते आजाराने मेले असं लिहा. हान्शिरो वेडा होता असं लिहा. चिलखत पुन्हा जागेवर बसतं. सिनेमा दप्तराने सुरू होतो आणि दप्तरानेच संपतो; मधलं सगळं त्या दप्तरात नाही. खुद्द कोबायाशी सक्तीने सैन्यात गेलेला माणूस. त्याने साध्या शिपायाच्या वरची बढती नाकारली होती. हुकूम म्हणजे काय, ते त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

तरी माझी एक तक्रार आहेच. भूक दिसते ती सामुराईची. तोकुगावा राजवटीत सामुराईच्या पायाखाली शेतकरी होते, आणि त्यांच्याही खाली जन्मानेच विटाळ लावलेले लोक. त्यांना ‘एता’ म्हणायचे, म्हणजे घाणीने भरलेले. ‘हिनिन’ म्हणायचे, म्हणजे माणूस नसलेले. १८७१ साली कायद्याने ही नावं गेली. विटाळ गेला नाही, म्हणून १९२२ साली क्योतोत त्यांनी ‘सुइहेइशा’ ही आपली संघटना उभारली. या माणसांना सिनेमात चेहरा नाही. आणि गंमत बघा : कारभारी सायतोचं काम करणारा नट रेंतारो मिकुनी. ज्याला तो बाप मानायचा तो याच समाजातला, हे त्याने पुढे उघडपणे सांगितलं. ज्याच्या घरात विटाळ भोगलेला, त्यानेच पडद्यावर दप्तर खोटं करणारा उभा केला, आणि काय थंडपणे उभा केला!

शेवटी अंगण साफ करायला माणसं येतात. एकाला जमिनीवर पडलेली शेंडी सापडते. तो ती उचलून बादलीत टाकतो. ती माणसं कोण, कुठल्या वस्तीतली, सिनेमा सांगत नाही. पण इयींच्या अब्रूचा पुरावा त्यांच्याच हाताखालून गेलाय. दप्तर लिहिणाऱ्याने ते लिहिलं नाही. झाडणाऱ्याला लिहिता येत असतं तर?

मित्रांनो, हा सिनेमा पाहाल तेव्हा लढाई संपली म्हणून उठू नका. बादलीवाल्याचं काम होईपर्यंत बसा.