मधली लढत

मुहम्मद अली आणि जो फ्रेझियर तीनदा एकमेकांसमोर उभे ठाकले. अलीच्या बाजूने २-१ हा हिशेब सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या आणि तिसऱ्या लढतीवर भरपूर लिहिले गेले. मधली रटाळ म्हणून बाजूला पडली. अलीचा खेळ समजून घ्यायचा तर मला तीच महत्त्वाची वाटते.

८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, वाकून आत घुसणाऱ्या फ्रेझियरला दूर ठेवणे अलीला जमले नाही. पंधराव्या फेरीत डाव्या हुकने तो खाली पडला आणि गुणांवर हरला. २८ जानेवारी १९७४ रोजी, त्याच जागी, त्याने उपाय काढला : फ्रेझियर जवळ आला, की मानेमागे हात घालून त्याचे डोके खाली दाबून धरायचे. पंच टोनी पेरेझ यांनी ते बव्हंशी चालू दिले. बारा फेऱ्यांनंतर अली गुणांवर जिंकला.

१ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलाजवळ केझॉन सिटीत पंच कार्लोस पाडिला यांनी ही पकड पुन्हा पुन्हा सोडवली. आता जवळ आलेल्या फ्रेझियरचे ठोसे सोसतच अलीला लढावे लागले. चौदाव्या फेरीनंतर, फ्रेझियरला नीट दिसेनासे झाल्यावर, त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबवली.

म्हणून हे दोन विजय एका मापाने मोजू नयेत. १९७४चा विजय युक्तीचा, आणि पंचांनी दिलेल्या मोकळिकीचाही; मनिलाचा सोसण्याचा. २-१ या आकड्यात हा फरक दिसत नाही.