स्पेन्सरांची वंशावळ : एका बनावट संहितेचे वाचन

वंशावळीकडे बहुधा इतिहासाचे साधन म्हणून पाहिले जाते आणि खरेखोटेपणाचा निवाडा झाला की ती बाजूला पडते. ती एक रचलेली संहिता आहे, तिला निवेदक आहे, अपेक्षित वाचक आहे आणि दडवायचा असा मजकूरही आहे, हे भान त्यामुळे सुटते. ट्यूडरकालीन इंग्लंडमधील ऑल्थॉर्पच्या स्पेन्सर घराण्याची वंशावळ या दृष्टीने वाचण्यासारखी आहे.

मेंढ्यांच्या कळपांवर संपन्न झालेल्या जॉन स्पेन्सरने १५०६ मध्ये वर्मलेटन आणि १५०८ मध्ये ऑल्थॉर्प येथील जमीनजुमला विकत घेतला. १५३० पासून हेरल्ड, म्हणजे कुलचिन्हांवरील हक्क तपासणारे राजाधिकारी, परगण्यापरगण्यांतून फिरू लागले. नव्या धनाला जुन्या पूर्वजांची निकड भासावी, असाच हा काळ होता. १५९५ मध्ये रिचर्ड ली या हेरल्डने स्पेन्सरांचा वंश मध्ययुगीन डिस्पेन्सर सरदारांना नेऊन भिडवला. ही जोडणी बनावट असल्याचे जे. होरेस राउंड यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. वंशेतिहासकाराचे काम तेथे संपते. समीक्षकाचे तेथून सुरू होते.

पूर्वजांची ही ओढ एकट्या घराण्याची नव्हती. ऑल्थॉर्पच्या सर जॉन स्पेन्सरच्या तीन कन्यांना कवी एडमंड स्पेन्सरने १५९१ च्या ‘कंप्लेंट्स’मधील कविता अर्पण केल्या, आणि लीची वंशावळ सिद्ध झाली त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘कॉलिन क्लाउट्स कम होम अगेन’मध्ये या भगिनींच्या कुळाशी आपले नाते अभिमानाने सांगितले. हा आश्रयासाठीचा अनुनय होताच. पण केवळ तेवढाच नव्हे. हेरल्डचा वंश बापाकडून मुलाकडे उतरतो. कवी त्या घरात शिरतो तो परघरी गेलेल्या लेकींच्या दारातून. ‘द फेअरी क्वीन’मध्ये एलिझाबेथ राणीला थेट ट्रॉयकडील ब्रूटसपर्यंत पूर्वज मिळवून देणाऱ्या कवीला स्वतःसाठी एवढे आप्तपण पुरले.

या संहितेचा खरा कस लागला तो १६२१ मध्ये, उमरावांच्या सभागृहात. लॉर्ड स्पेन्सर पूर्वजांच्या पराक्रमाविषयी बोलत असता अरुंडेलच्या अर्लने, तेव्हा तुमचे पूर्वज मेंढ्या राखत होते, असा टोमणा मारला. माझे मेंढ्या राखत होते तेव्हा तुमचे राजद्रोहाचे कट रचत होते, असे स्पेन्सरने उत्तर दिल्याचे सांगतात. अर्लच्या आजोबांचा १५७२ मध्ये शिरच्छेद झाला होता, तेव्हा घाव वर्मी बसणारच. लीने ज्या मेंढ्या झाकल्या, त्याच येथे ढाल झाल्या. त्याची वंशावळ स्पेन्सरने पुढे केली असती, तर उत्तरच उलटले असते. कारण त्या डिस्पेन्सर कुळातील ह्यू नावाचे बापलेक १३२६ मध्ये राजद्रोही म्हणूनच मारले गेले होते.