चालीबरहुकूम पद : ‘मानापमाना’तील शब्दयोजना

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमाना’तील (१९११) पदांवर दुर्बोधतेचा आक्षेप घेतला जातो. गोविंदराव टेंबे यांनी चाली द्याव्यात व खाडिलकरांनी त्यांत शब्द बसवावेत, असा रचनाक्रम असल्याने दोष चालींचा, हे त्यावरील समर्थनही ठरलेलेच. ते पुरे पडत नाही. देवलांनी ‘संगीत शारदे’ची (१८९९) पदे तयार चालींवरच रचली, ती बोलण्याइतकी सरळ उतरली.

भेद चालींच्या जातीत आहे. साकी, दिंडी हे मराठी वाक्याच्या अंगाने वाढलेले साचे. त्यांत शब्द पुढे, सूर मागे. ‘मानापमाना’तील हिंदुस्थानी वळणाच्या चालींत शब्द मोजके आणि स्वरविस्तार मोठा. बोलताना ‘घर’, ‘मन’ हे शब्द एकाक्षरी होतात; गाताना त्यांचा अन्त्य अकार पुन्हा उच्चारावा लागतो. अशा तंग जागेत खाडिलकरांनी तत्सम समासाचा आश्रय केला. समासात विभक्तिप्रत्यय गळतात, मात्रा जुळतात. परंतु पदापदांतील संबंध दाखविणारी खूणच नाहीशी होते. अन्वय लावण्याचे काम श्रोत्यावर पडते. (तान चालू असता ते कोण करणार, हा प्रश्न निराळा!)

यात भाषाप्रभुत्वाची उणीव पाहणे मात्र अन्यायाचे होईल. ‘कीचकवधा’चे (१९०७) धारदार गद्य याच लेखणीचे आहे. सुटसुटीत क्रियापदांनी तीच जागा भरण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता; पदांपुरता त्यांनी तो क्वचितच धरला.