पात्रतेचा हिशेब

पंडिता रमाबाईंचे १९०७ मधील इंग्रजी आत्मनिवेदन 'अ टेस्टिमनी' पुन्हा वाचले. तीर्थयात्रा, उपवास आणि दानधर्म करून या कुटुंबाने पुण्य साठवले. तरी दुष्काळात आईवडील गेलेच. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही रमाबाईंच्या मनाला सुमारे आठ वर्षे शांती लाभली नाही. धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, ही त्यांची कबुली मला या पुस्तकाचा गाभा वाटते. देवापुढे उभे राहण्याची आपली लायकी आहे का, हा जुनाच हिशेब नव्या धर्मातही चालू होता. कृपा पात्रता पाहून मिळत नाही, हे उमगले तेव्हा तो मिटला. हिंदू धर्मावरील त्यांची टीका कुठे कुठे एकांगी वाटते. पण ख्रिस्ती झाल्यानंतरचे स्वतःचे रितेपणही त्या झाकत नाहीत. म्हणूनच हे निवेदन निव्वळ प्रचार ठरत नाही.